उचललेली गाडी, उघडे राहिलेले दार



१९ मे २०२४ च्या पहाटे, अडीचच्या सुमारास, पुण्याच्या कल्याणीनगर भागात एका आलिशान मोटारीने दुचाकीवरून जाणाऱ्या दोघांना चिरडले. मध्य प्रदेशातून नोकरीसाठी पुण्यात आलेले ते दोन तरुण अभियंते, एक मुलगा आणि एक मुलगी, दोघेही अवघे चोवीस वर्षांचे होते. पोलिसांच्या म्हणण्यानुसार मोटार चालवणारा मुलगा सतरा वर्षांचा होता आणि त्यापूर्वी तो मित्रांसह दोन मद्यालयांत जाऊन आला होता. कोट्यवधींच्या त्या गाडीला क्रमांकपट्टी नव्हती, कारण १,७५८ रुपये शुल्क न भरल्यामुळे तिची कायम नोंदणीच झालेली नव्हती. त्या मुलाला जामीन देताना बाल न्याय मंडळाने तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली आणि सारा देश संतापला. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून शासकीय रुग्णालयातील डॉक्टरांनाही अटक झाली. प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने दोषाचा निवाडा न्यायालयच करील.

त्या घटनेनंतर जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने संबंधित मद्यालयांना टाळे लागले. वृत्तपत्रांचे रकाने भरले, मेणबत्त्या पेटल्या. आणि जेमतेम महिना उलटतो न उलटतो तोच, जून २०२४ मध्ये, त्याच पुण्याच्या फर्ग्युसन रस्त्यावरील एका मद्यालयात पहाटेपर्यंत चाललेल्या पार्टीची चित्रफीत सर्वत्र पसरली. कर्तव्यात कसूर केल्याबद्दल काही पोलिसांना निलंबित करावे लागले. विद्येचे माहेरघर म्हणवणाऱ्या शहरात, महाविद्यालयाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रस्त्यावर हे घडावे, याची खंत कोणाला वाटणार नाही?

अशा प्रत्येक घटनेनंतर एक मागणी हमखास पुढे येते : रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या बारबाहेर उभ्या असलेल्या गाड्या पोलिसांनी उचलून न्याव्यात. मागणी रास्त आहे. परंतु गाडी उचलल्याने नेमके काय साधते, काय साधत नाही आणि काय साधता येईल, याचा शांतपणे विचार व्हायला हवा.

कायद्याची चौकट

महाराष्ट्रात मद्यविक्रीचे नियमन ज्या कायद्याने होते, त्याचे नावच मुळी दारूबंदी कायदा असे आहे. १९४९ सालचा मुंबई दारूबंदी अधिनियम आज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणून ओळखला जातो. बंदी हा नियम आणि परवाना हा अपवाद, अशी त्याची रचना आहे. ‘परमिट रूम’ हा आपल्या बोलण्यात रुळलेला शब्द त्या रचनेतूनच आला. राज्यघटनेच्या ४७व्या अनुच्छेदानेही मादक पेयांच्या सेवनास प्रतिबंध करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे मार्गदर्शक तत्त्व सांगितले आहे. दुसरीकडे, राज्य उत्पादन शुल्क विभागातून शासनाच्या तिजोरीत वर्षाला वीस हजार कोटी रुपयांहून अधिक महसूल जमा होतो. एका हाताने आवरायचे आणि दुसऱ्या हाताने गोळा करायचे, या ओढाताणीतच सगळ्या अंमलबजावणीचा जीव घुसमटतो.

मुंबई-पुण्यासारख्या पोलीस आयुक्तालयांच्या क्षेत्रात परमिट रूमला रात्री दीडपर्यंत मद्य देण्याची मुभा आहे. जानेवारी २०२० मध्ये मुंबईतील काही भागांत उपाहारगृहे आणि मॉल चोवीस तास उघडे ठेवण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हाही मद्याची मर्यादा दीडचीच राहिली. म्हणजे रात्री जागणाऱ्या, रात्रपाळी करणाऱ्या माणसाला जेवण मिळावे, याला कोणाचाच विरोध नाही. दीडनंतर, बंद दाराआड किंवा उघड्या गच्चीवर, जो प्याला भरला जातो त्याचा हा प्रश्न आहे.

अशा जागांचे प्रकार तीन. पहिला, परवाना आहे पण वेळ पाळली जात नाही. दुसरा, परवाना तळमजल्याचा आणि मैफल गच्चीवर. तिसरा, कसलाच परवाना नाही. दर्शनी पाटी उपाहारगृहाची, आत सर्रास मद्य. नियम गुंडाळून ठेवण्याची किंमत काय असते, ते मुंबईच्या कमला मिलने दाखवून दिले. २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री तेथील गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली आणि १४ जणांचा बळी गेला. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यातील हडफडे येथे नाइट क्लबच्या आगीत २५ जण दगावले. तेथेही आवश्यक परवान्यांचाच प्रश्न ऐरणीवर आला. वेळ न पाळणारा मालक अग्निशमनाचे नियम मात्र निष्ठेने पाळत असेल, असे मानणे भाबडेपणाचे आहे. नियम मोडण्याची सवय एका कलमापुरती राहत नाही.

आता गाडी उचलण्याविषयी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२७ नुसार, जेथे वाहन उभे करण्यास मनाई आहे तेथे ते उभे असेल तर गणवेशातील पोलीस अधिकारी ते उचलून नेण्यास किंवा त्याला जॅमर लावण्यास फर्मावू शकतो. उचलण्याचा खर्च मालकावर पडतो, दंड वेगळा. गाडीत माणूस बसलेला असताना ती ओढून नेणे किती घातक ठरते, हे नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबईच्या मालाड भागात दिसले. तान्ह्या बाळाला घेऊन आई आत बसलेली असताना गाडी ओढली गेली आणि संबंधित पोलीस शिपायाला निलंबित व्हावे लागले. मार्च २०२२ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी टोइंग प्रायोगिक तत्त्वावर थांबवले होते, त्यामागेही नागरिकांच्या तक्रारींचा रेटा होता. शस्त्र धारदार आहे, म्हणूनच ते जपून वापरायला हवे.

रात्रीची क्रेन काय साधते?

दिवसा बाजारपेठेत गाडी उचलली जाते ती रस्ता मोकळा व्हावा म्हणून. रात्री अडीच वाजता बारबाहेरची गाडी उचलली जाते, तेव्हा रस्ता मोकळा होतोच, शिवाय आणखी एक गोष्ट घडते. मद्य पिऊन बाहेर पडलेल्या माणसाला चाकामागे बसण्याची संधी मिळत नाही. तो रिक्षाने किंवा टॅक्सीने घरी जातो, त्याचा एक माणूस वाचतो आणि रस्त्यावरचे कितीतरी वाचतात. ज्यांच्या घरी कोणी रात्रपाळीहून दुचाकीने परततो, त्यांना याचे मोल सांगावे लागत नाही. या कारणासाठी ही कारवाई स्वागतार्ह आहे, आणि ती करणाऱ्या पोलिसाची पाठ थोपटली पाहिजे.

परंतु हा लाभ हाती लागण्यासाठी एक पथ्य पाळावे लागते. उचललेली गाडी वाहतूक चौकीच्या आवारात जाते. मालक अर्ध्या तासाने तेथे पोहोचतो, दंड भरतो, पावती घेतो आणि त्याच अवस्थेत गाडी घेऊन निघून जातो. असे झाले तर पोलिसांनीच त्याच्या हाती किल्ली दिल्यासारखे होईल. कायदा येथेही मुका नाही. कलम १८५ मद्यपान करून वाहन चालवणाऱ्याला जसे लागू आहे, तसेच चालवण्याचा प्रयत्न करणाऱ्यालाही लागू आहे. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यांश आढळला, तर पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून रात्री उचललेली गाडी श्वासचाचणीशिवाय सोडू नये. चाचणीत दोष आढळला तर शुद्धीवर असलेल्या, परवानाधारक माणसाच्या हातीच ती द्यावी, नाहीतर सकाळ होऊ द्यावी. त्याच वेळी, गाडी नसल्याने रस्त्यावर अडकलेल्या महिलेला सुरक्षित घरी पोहोचवण्याची काळजीही पोलिसांनीच वाहिली पाहिजे. कायदा कठोर असावा, निष्ठुर नसावा.

दुखणे रेड्याला, डाग पखालीला

इथवर कारवाईची जमेची बाजू झाली. आता उणी बाजू. क्रेन येते, ध्वनिक्षेपकावरून पुकारा होतो, चार-पाच गाड्या उचलल्या जातात, गल्लीतल्या खिडक्या उघडतात आणि रहिवाशांना वाटते, झाली एकदाची कारवाई. पण बारचे दार तसेच उघडे असते. आत संगीत तसेच चालू असते. पुढच्या शनिवारी गाड्यांची तीच रांग पुन्हा लागते. ‘दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला’ अशी जुनी म्हण आहे, तिचा अर्थ समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

गाडी तेथे उभी कोणी केली, हाही प्रश्न विचारायला हवा. मोठ्या मद्यालयांच्या दारात ‘व्हॅले’ची सोय असते. गिऱ्हाईक गाडीतून उतरते, किल्ली गणवेशातील सेवकाच्या हाती देते आणि आत जाते. तो सेवक ती गाडी गल्लीत, एखाद्या सोसायटीच्या प्रवेशद्वारापुढे किंवा पदपथावर नेऊन लावतो. सार्वजनिक रस्ता हा जणू त्या मद्यालयाचा खाजगी वाहनतळ होतो. ई-चलान मात्र गाडीच्या नोंदणीकृत मालकाच्या नावे निघते. ज्याने जागा अडवली आणि त्या जागेवर धंदा केला, त्या आस्थापनेचे नाव चलानाच्या कागदावर कुठेच येत नाही. येथे गिऱ्हाइकाला निर्दोष ठरवायचे नाही. दीडनंतर मद्य मिळते, ते का मिळते, हे त्याला कळत असते. पण त्याच्या दंडाच्या आड मालक लपत असेल, तर ती कारवाई मालकाच्या पथ्यावरच पडते.

याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवून पाहावे. महामार्गावरच्या एखाद्या ढाब्यावर विनापरवाना दारू दिली जात असेल, तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचे पथक छापा घालते. दारूबंदी अधिनियमाच्या कलम ६८ खाली मद्यपानाचा अड्डा चालवल्याबद्दल ढाबेवाल्यावर आणि कलम ८४ खाली तेथे पीत बसल्याबद्दल गिऱ्हाइकांवर गुन्हा दाखल होतो. सगळ्यांना न्यायालयापुढे उभे केले जाते. कायदा तोच, राज्य तेच, खाते तेच. मग पत्र्याच्या शेडमध्ये पिणाऱ्याला न्यायालय आणि काचेच्या झगमगाटात बेकायदा पिणाऱ्याला केवळ पार्किंगचा दंड, असा भेद का दिसावा? गरिबाला एक कायदा आणि धनवंताला दुसरा, ही भावना समाजात रुजली की कायद्याविषयीचा आदरच संपतो. समाज एकसंध राहावा असे ज्यांना वाटते, त्यांना हा भेद सर्वांत आधी खुपला पाहिजे.

प्रामाणिक परवानाधारकाचाही येथे विचार हवा. तो वर्षाला भरभक्कम परवाना शुल्क भरतो, दीड वाजता शटर ओढतो आणि त्याचे गिऱ्हाईक उठून शेजारच्या उघड्या दारात जाते. नियम पाळणारा तोट्यात आणि मोडणारा नफ्यात, असे दृश्य पाहून उद्या तोही नियम मोडू लागला, तर दोष कोणाचा?

पावती हीच साक्ष

मग करायचे काय? उत्तर फार दूर नाही. ते त्या टोइंगच्या पावतीवरच लिहिलेले आहे.

गाडी उचलल्यावर जी शासकीय नोंद होते, तिच्यात वाहनाचा क्रमांक, ठिकाण, दिनांक आणि वेळ असते. बहुधा छायाचित्रही असते. समजा, एका रात्री दोन ते तीनच्या दरम्यान एकाच मद्यालयाच्या दारापासून पन्नास पावलांच्या आत बारा गाड्या उचलल्या गेल्या. आसपासची दुकाने बंद आहेत, उपाहारगृहे बंद आहेत. मग या बारा गाड्यांचे मालक त्या वेळी कुठे होते? बारा पावत्या म्हणजे पोलिसांच्याच हातची बारा टिपणे आहेत, आणि ती सगळी एकाच दाराकडे बोट दाखवतात. ‘बार सुरू असल्याचे आमच्या निदर्शनास आले नाही,’ असे त्यानंतर त्या पोलीस ठाण्याला म्हणता येणार नाही. गाड्या दिसल्या आणि दार दिसले नाही, असे कसे होईल?

अर्थात केवळ पावतीवर परवाना रद्द होणार नाही. ती तपासाची सुरुवात आहे. त्यासाठी तीन गोष्टी घडल्या पाहिजेत. पहिली, क्रेनबरोबर आलेल्या अधिकाऱ्याने त्याच वेळी आत जाऊन पंचनामा करावा. मद्य दिले जात होते का, बिलावर वेळ कोणती आहे, याची नोंद घ्यावी. दुसरी, वाहनांच्या नोंदी आणि तो पंचनामा दुसऱ्याच दिवशी जिल्हाधिकारी आणि उत्पादन शुल्क अधीक्षक यांच्याकडे जावा. दारूबंदी अधिनियमाच्या कलम ५४ नुसार अटींचा भंग झाल्यास परवाना निलंबित वा रद्द करण्याचा अधिकार परवाना देणाऱ्यालाच आहे. ज्याच्याकडे परवानाच नाही, त्याच्यावर ढाबेवाल्यावर लागते तेच कलम लागावे. तिसरी, एकाच दाराबाहेर वारंवार गाड्या उचलल्या जात असतील, तर त्या गस्तीवरील अधिकाऱ्याकडून वरिष्ठांनी खुलासा मागावा.

वाहतूक शाखा रस्ता पाहते, पोलीस ठाणे शांतता पाहते, उत्पादन शुल्क विभाग बाटली पाहतो, महापालिका गच्ची पाहते आणि अग्निशमन दल जिना पाहते. प्रत्येकाने आपापला तुकडा पाहिला, तर संपूर्ण दार कोणालाच दिसत नाही. हत्ती आणि आंधळ्यांच्या गोष्टीतले आंधळे निदान प्रामाणिक होते. हे सर्व तुकडे एका कागदावर आणण्यासाठी नवा कायदा नको, नवे खाते नको. हवी आहे ती इच्छाशक्ती.

सज्जनांचे मौन

ही इच्छाशक्ती आपोआप जागी होत नाही, तिला समाजाचा धाक लागतो. रात्रभर ढणढणाट ऐकून तळमळणारा मध्यमवर्गीय गृहस्थ सकाळी चहा घेताना चार शब्द संतापून बोलतो आणि कामाला लागतो. ‘आपल्याला काय करायचे’ या तीन शब्दांवर अशा कितीतरी मद्यालयांचे मजले उभे आहेत.

करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते सगळे सनदशीर आहे. रात्री ११२ क्रमांकावर दूरध्वनी केला की त्याची नोंद होते; तिचा क्रमांक आणि वेळ वहीत टिपून ठेवावी. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, ती ओलांडली जात असेल तर तेही तक्रारीत नमूद करावे. माहिती अधिकार कायदा, २००५ खाली एक साधा अर्ज करून विचारावे की, आमच्या रस्त्यावरून गेल्या सहा महिन्यांत रात्री दीड ते पहाटे पाच या वेळेत किती वाहने उचलली, आणि त्या नोंदींवरून कोणत्या आस्थापनेविरुद्ध कोणती कारवाई झाली? तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. पहिल्या प्रश्नाला आकडा येईल आणि दुसऱ्याला ‘निरंक’ हे उत्तर येईल, तेव्हा तो कागदच पुढच्या लढाईचे साधन होईल. एकट्याने अर्ज करण्यापेक्षा चार सोसायट्यांनी मिळून करावा. महाराष्ट्राच्या गावोगावच्या मायबहिणींनी मतदान करून ‘आडवी बाटली’ केली आणि दारूची दुकाने बंद पाडली. त्यांच्यापाशी ना वकील होते, ना ओळखीपाळखी. शहरातील सुशिक्षितांनी त्यांच्याकडून धडा घ्यावा. मात्र कायदा हाती घेण्याचा मोह कटाक्षाने टाळला पाहिजे. काचा फोडल्याने बातमी मालकाच्या बाजूची होते.

शेवटचा मुद्दा घराचा. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये कलम १९९-अ आले. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड आणि बारा महिन्यांसाठी वाहनाची नोंदणी रद्द, अशी त्यात तरतूद आहे. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि इतर कडक मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात, हे किती घरांत मुलांना सांगितलेले असते? मुलगा रात्री कोणाबरोबर बाहेर गेला, गाडी कोणाची, परत कसा येणार, हे विचारणारे कोणी घरात जागे असते का? पूर्वी आजोबा ओटीवर झोपत. उशिरा येणाऱ्या नातवाला त्यांच्या अंथरुणाला वळसा घालूनच आत यावे लागे. आता ओटी गेली आणि मुलांच्या खिशात स्वतंत्र किल्ल्या आल्या. काळ मागे नेता येत नाही, पण विचारपूस करायला ओटी लागत नाही.

कल्याणीनगरच्या रस्त्यावर त्या पहाटे जे दोन जीव गेले, ते कोणत्याही मद्यालयाचे मालक नव्हते, परवाना देणारे अधिकारी नव्हते, की किल्ली देणारे पालकही नव्हते. दुसऱ्यांच्या चुकांची किंमत त्यांनी मोजली. पुढच्या शनिवारी रात्री एखाद्या गल्लीत क्रेन येईल, गाड्या उचलल्या जातील. त्या वेळी खिडकीतून पाहणाऱ्या प्रत्येकाने गाड्यांबरोबरच त्यांच्यामागचे दारही पाहावे, आणि सकाळ झाल्यावर ते दार बंद झाले का, हे विचारण्याची चिकाटी दाखवावी. एवढे झाले, तर पोलिसांनी उचललेली गाडी खरोखर कामी आली, असे म्हणता येईल.